सासूबाईंची छोटी बॅटरी

आमच्या सासूबाई लोकांच्या घरी दारं आणि कपाटं बसवतात. सासरे गेले तेव्हा त्यांचं कॉर्डलेस ड्रिल सासूबाईंनी उचललं आणि अर्धवट राहिलेली कामं पुरी करून टाकली. "बाईमाणूस ड्रिल धरणार?" असं विचारणाऱ्यांची दारं आज त्यांनीच बसवलेल्या बिजागऱ्यांवर फिरतात. गोड बोलणं त्यांना जमत नाही. मलाही नाही, म्हणून आमचं जमतं.

ते जुनं ड्रिल म्हणजे धूड. त्याची निकेल-कॅडमियमची बॅटरी एकटीच विटेएवढी जड. तिला पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावायचं, नाहीतर ती लवकर मान टाकायला लागते, असं सासऱ्यांनी शिकवलेलं. "पोट रिकामं झाल्याशिवाय पान वाढायचं नाही," सासूबाई म्हणायच्या. काम झालं की ड्रिलचा खटका दाबून सुतळीने बांधून ठेवायच्या. ते घरघरत घरघरत गप्प झालं की मगच त्यांना चैन पडायचं.

मग त्या न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण ते धूड डोक्यावर धरलं की हात लटलटा कापायचा. मी एक स्वस्तातलं, लिथियम बॅटरीचं हलकं ड्रिल आणून दिलं. तर बाईंनी त्याचाही खटका सुतळीने बांधला आणि बॅटरी पार रिकामी करून खोक्यात ठेवून दिली. पुढच्या कामाच्या वेळी चार्जरवरचा लाल दिवा नुसता मिचमिचत राहिला, बॅटरी भरलीच नाही. लिथियमला असा कडक उपास सोसत नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं!

नवऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "आई, आता बस झालं. हत्यारं विकत घेणारा उद्या येतोय. बाबांचं ड्रिल तेवढं आठवण म्हणून ठेवू."

सकाळी बघते तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "चल दुकानात."

"आजी, मुलाला पाठवायचं होतंत," दुकानदार म्हणाला.

"मुलाला स्क्रू कुठल्या बाजूने फिरतो ते ठाऊक नाही," मी म्हणाले. खरंच नाही.

सगळं ऐकून तो म्हणाला, जुन्या ड्रिलच्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे नवे सेल भरून देतो, जास्त वेळ चालेल.

"वजन?"

"जवळपास तेवढंच."

"मग राहू द्या."

त्याने लिथियमचं एक चांगलं ड्रिल काढलं आणि त्याच्या दोन बॅटऱ्या समोर ठेवल्या. मोठी लावून सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि ड्रिल डोक्यावर धरलं. हात थरथरला. मग छोटी लावली. हात स्थिर राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराला पुसलं.

"ही अर्ध्या कामात संपेल, आजी."

"मग अशा दोन द्या. मनगट म्हातारं झालंय, मी नाही."

"आणि पार संपवू नका. जोर कमी झाला की लगेच चार्जिंगला लावा."

सासूबाईंचं तोंड कडू झालं. "लाडूबाई आहे नुसती," त्या पुटपुटल्या, पण ड्रिल आणि दोन्ही बॅटऱ्या पिशवीत टाकल्या.

घरी आलो तर हत्यारं घेणारा येऊन बसलेला आणि नवऱ्याने हत्यारांची पेटी उघडून ठेवलेली. सासूबाईंनी फडताळातून सासऱ्यांचं ड्रिल काढलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. मग पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर ठिय्या मारून बसल्या.

"हे न्या. बाकी काही मिळणार नाही."

"आई! ते बाबांचं आहे!" नवरा ओरडला.

"ड्रिल बाबांचं. काम माझं." त्या पेटीवरून हलल्या नाहीत.

तो माणूस ड्रिल घेऊन गेला. नवरा दाराकडे बघत उभाच राहिला.

"उभा काय राहिलास?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या एक दार बसवायचंय. पेटी उचलायला तू चल. माझं मनगट मोडलंय."