उलटा स्वेटर

आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातले एक पाणबुडे राहायचे. भर मे महिन्यात, आमच्या द्वारका चौकात डांबर वितळत असताना, हे गृहस्थ पिशवीत लोकरीचे स्वेटर भरून धरणावर निघायचे. आम्ही हसलो की म्हणायचे, “वर ऊन हाय, पण तळाला माघ बसलाय.” काठाजवळचं काम असलं तर रबरी पोशाखाच्या आत नुसती बंडी, धरणाच्या दरवाजांपाशी खोल उतरायचं असलं तर जाड स्वेटर. आणि तो कायम उलटा. पाण्याच्या दाबाने शिवण अंगात रुतते म्हणे. पुढे ती सवयच झाली. थंडीत किराणा आणायलाही ते उलट्या स्वेटरनेच जायचे.

एकदा बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह त्यांनी बाहेर काढला, तेव्हा मी धरणावर होतो. त्याची आई रणरणत्या उन्हात बसून कुडकुडत होती. त्यांनी रबरी पोशाख उतरवला. आतला स्वेटर कोरडा होता, त्यांच्या अंगाने उबदार झालेला. तो काढून ते तिच्याजवळ गेले.

“घाल, माय,” एवढंच म्हणाले.

पण हातात देण्याआधी थांबले, आणि एकेक बाही ओढून त्यांनी तो नीट सुलटा केला.