आबांचा रेडिओ उघडताना

दादा गेल्यावर काही महिन्यांनी आबांचा रेडिओ बंद पडला. तो दादानेच त्यांच्यासाठी बनवलेला. आमच्या शिरवणे गावातल्या लग्नांच्या हळदींमध्ये वाजवून वाजवून जळालेले अॅम्प्लिफायर त्याच्याकडे यायचे. त्यांतल्याच एकाचा ट्रान्सफॉर्मर, मोडीतल्या टीव्हीचा स्पीकर, आणि खोका आमच्या जुन्या घराच्या खिडकीच्या फळ्यांचा. कपॅसिटर मात्र तो नवेच आणायचा, जुने आतून सुकलेले असतात म्हणून. आवाज मोठा करणारं सर्किट त्याने असे सुटे भाग जुळवून हाताने केलं होतं. त्या कामाचे तयार बोर्ड बाजारात मिळतात, काडेपेटीहून लहान. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाला, "मग रेडिओच तयार आणू की. तू पुस्तक विकत घेऊन मी लिहिलं म्हणून सांगतेस का?"

आबा गावभर सांगायचे, पोराने विकतचं काही न घालता रेडिओ केला. कपॅसिटर ते विकतच्यात धरत नसत.

"बाय, त्यान बाजारचा काय घालू नुको," रेडिओ माझ्या हातात देताना ते म्हणाले. "त्याचे हातचा हाय, तसाच ऱ्हवदे."

मी मान हलवली, तरी वाशीहून एक तयार बोर्ड आणून पर्समध्ये ठेवला. दादाने मला सोल्डरिंग शिकवलं होतं, पण त्याचं सर्किट बिघडलं असेल तर त्याच्या डब्यातल्या सुट्या भागांतून ते पुन्हा उभं करणं मला जमणार नव्हतं. बोर्ड घातला असता तर रेडिओ वाजला असता, आणि आबांकडे दादाच्या हातचं होतं ते गेलं असतं.

दुपारी आबा आडवे झाल्यावर मी मागची फळी काढली. आत दादाचं सर्किट नव्हतंच. त्याच्या जागी एक निळा तयार बोर्ड होता, माझ्या पर्समधल्यासारखाच.

बराच वेळ मी सोल्डरचे सांधे बघत बसले. ट्रान्सफॉर्मरकडचे जुने सांधे मोहरीएवढे, चकचकीत. बोर्डावरचे मोठे, मळकट, बाजूला ओघळलेले. एक वायर तर नुसतीच टेकली होती. तीच सुटली होती.

शिमग्याच्या आधी त्याने साफ करायला म्हणून रेडिओ नेला होता. हात थरथरतो हे आम्हाला त्याने गणपती गेल्यावर सांगितलं, लपवणं अशक्य झालं तेव्हा. पण शिमग्यापासूनच तो चहा अर्धा कप मागू लागला होता. "अर्धाच दे गं, झोप येत नाही." मी अर्धाच द्यायची.

मी ती वायर पुन्हा जोडली. बाकीच्या सांध्यांना हात लावला नाही.

आबा उठले तेव्हा बातम्या चालू होत्या. ते खोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बाजारचा काय घातलास नाय ना?"

"नाही आबा. होतं तेच आहे."

"मंग झालता काय?"

"एक वायर सुटली होती."

"त्याची वायर कदी सुटत नाय," आबा म्हणाले, आणि आवाज थोडा वाढवून खुर्चीत बसले.