चाचांचा ‘वै’

स्ट्रोकनंतर चाचांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक होता: ‘चा’. कॅन्टनीजमध्ये, म्हणजे त्यांच्या चिनी बोलीतही, चहाला चा म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. नाव विचारा, चा. दुखतंय का, तरी चा. ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाच्या आमच्या क्लिनिकमधली पंजाबी रिसेप्शनिस्ट त्यांची व्हीलचेअर दिसली की आत ओरडायची, “चाचा आ गए!” त्यामुळे त्यांची बायकोही आपोआप चाची झाली.

मी त्यांची स्पीच थेरपिस्ट. शब्द अडला की आधी हात हलवायचा, कधीकधी हातामागून शब्द येतो, ही आमची रीत. पण पहिल्याच दिवशी हाताने माझी फजिती केली. मी चहा ओतला, चाचांनी दोन बोटं टेबलावर टकटक वाजवली. मला वाटलं, अजून हवाय. ओतला. पुन्हा टकटक. पुन्हा ओतला. किटली संपत आली आणि चाचांचा चेहरा रडवेला झाला, तेव्हा चाची ओरडल्या, “मिस, ही सेज थँक यू! प्लीज स्टॉप!”

मग मी चाचांकडून बायकोचं नाव वदवून घ्यायचा चंग बांधला. छातीवर हात ठेवायचा आणि नाव घ्यायचं. चाचा छातीवर हात ठेवून, डोळे मिटून म्हणत, “चा.” उखाणा घेताना आपल्याकडचे नवरदेवही इतके घाम गाळत नाहीत. अखेर चाचीच वैतागल्या. “नाव कशाला? त्याने कधीच नाव घेतलं नाही. ही सेज ‘वै!’” वै म्हणजे आपलं ‘अगं ए’. मग हळूच म्हणाल्या, “घर फार शांत झालंय, मिस. आय वॉन्ट माय वै.” माझ्या आईला बाबा अजून ‘अगं ए’च म्हणतात, आणि मला हे सुचू नये!

आम्ही ‘इकडे ये’ची खूण घोटायला लागलो: तळहात खाली, बोटं हलवायची. ती त्यांची आणि आपली एकच. आमचा ऑस्ट्रेलियन फिजिओ मात्र ती ‘जा’ अशी वाचायचा आणि “नो वरीज, मेट” म्हणत चालू लागायचा. चाचा आणखी जोरात हात हलवत, तो आणखी लांब जाई. शब्द काही येईना.

शेवटच्या सेशननंतर चाची पर्स चाचांच्या मांडीवरच विसरून गाडीकडे निघाल्या. चाचांचा डावा हात वर गेला, बोटं हलली, आणि अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशी हाक आली, “वै!”

चाची थबकल्या, पण वळल्या नाहीत. चाचा चिडले. “वै! वै!”

मी धावत चाचींजवळ गेले. “चाची, ते तुम्हाला बोलावतायत!”

“आय नो,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “ओरडू दे त्याला.”