पाच अंशांचा उतार

शहापूरपासून मुरबाडपर्यंत एकही तिरकी वस्तू अशी नसेल, जिच्याकडे आमच्या दाजींनी संशयाने पाहिलेले नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका आश्रमशाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. खिशात पेन नसेल, पण प्लास्टिकचा कोनमापक असतोच. त्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. नट लोंबकळला की कोन कळतो. कौलांचा उतार, वाकलेला विजेचा खांब, व्याह्यांचा फेटा, काही म्हणून सुटत नाही. एका सत्कारात पुढाऱ्याने लोकांपुढे मान झुकवली, तेव्हा मागच्या रांगेतून कोनमापक डोळ्याला लावून दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "चार अंश. मतदानाआधी तीस होती."

साईन त्यांनी फळ्यावर कधी शिकवलीच नाही. शाळेच्या भिंतीला शिडी टेकवायची आणि मुलांना चढवायचे. शिडी म्हणजे कर्ण. तिचा जेवढा हिस्सा उंचीच्या कामी आला, ती साईन. तीस अंशांत निम्मी शिडी कामी येते आणि घसरते. नव्वदात सगळी येते आणि चढणारा उताणा पडतो. पडलेली मुले आज चाळिशीत आहेत आणि साईन विसरलेली नाहीत.

गेल्या वर्षी ताईचे खुब्याचे हाड मोडले आणि घरात चाकांची खुर्ची आली. जोते अडीच फूट उंच, पुढे पाच पायऱ्या. उचलून खाली न्यायला चौघे तयार होते, पण ताई म्हणाली, "मी काय गणपती हाय? माझी मी जाईन, नायतर नाय जाणार." आणि खरोखरच दोन महिने ती ओटीवरून हलली नाही.

दाजींनी उतार बांधायला एका तरुण ठेकेदाराला बोलावले. तो रंगीत नकाशा छापूनच आला: उतार सहा फुटांचा. दाजींनी अडीचला सहाने भागले आणि ही पंचवीस अंशांची घसरगुंडी आहे, असे जाहीर केले. पाच अंश हवेत, म्हणजे लांबी तीस फूट. ठेकेदाराने फोनवर तीस गुणिले पाचाची साईन काढली. उत्तर आले वजा एकोणतीसच्या आसपास.

"फोन काय चुकत नाय, सर."

"म्हणजे माझी बायको एकोणतीस फूट जमिनीखाली," दाजी शांतपणे म्हणाले. "आपली विहीरपण एवढी खोल नाय रे."

फोन कोन रेडियनमध्ये मोजत होता. त्याला अंश म्हणून सांगावे लागते. तसे सांगितल्यावर अडीच फुटांहून जरासे जास्त आले. पण अंगण वीसच फुटांचे. उतार मध्ये वळवावा लागला, आणि नेमक्या वळणावर दाजींचे हापूसचे कलम होते, त्या साली पहिल्यांदाच मोहरलेले. ते त्यांनी स्वतः तोडले. ताईला सांगितले, कीड लागली होती.

पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही बाजूंना हात पसरून उभे. ताईने सगळ्यांना हाकलले, सावकाश उतरली, वळणावर वळली आणि थेट फाटकाबाहेर शेजारणीकडे गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या; दाजींनी नाही. उतरायला काय, धोंडापण उतरतो, म्हणाले आणि वाट बघत बसले. तासाभराने ती परतली आणि कुणाचा हात न घेता वर चढली. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला.

आता ताई दुपारभर घरात सापडत नाही. परवा गेलो तर दाजी ओटीवर एकटेच. कंटाळा येतो का, विचारले.

"दोन महिने समोर बसून होती रे," ते म्हणाले. "सवय झाली होती."