काखेतला राहिलेला फोटो

जालन्यात मस्तगडला तातेरावांचं एक्सरेचं दुकान होतं. दुकानच म्हणायचे सगळे. एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला भांडीवाला आणि मध्ये हे. मी आष्टीच्या शाळेत खेळाचा शिक्षक. पोरं पडायची, हातपाय मोडून घ्यायची, त्यामुळे वर्षातून चार-पाच फेऱ्या ठरलेल्या.

माणूस भारी चिकट. डॉक्टरनं चिठ्ठीवर ‘उजवा खांदा’ लिहिलं असलं तरी हे आधी विचारणार, “हा हात दिवसभर काय काम करतो?” मोंढ्यातल्या हमालाला पोतं उचलल्यासारखं करायला लावत, शिंप्याला कात्री चालवायला. “ज्या कामात दुखतं, त्या कामातच दुखणं सापडतं सर,” म्हणायचे. मी हसायचो, “तातेराव, फोटो काढता का सोयरीक जुळवता?” त्यांचा आणखी एक नियम होता. बाई-पोरगी असली की मागच्या गल्लीतून बायको कांताबाई येऊन आत उभ्या राहत. त्यानंतरच पुढचं काम.

१९९३च्या नोव्हेंबरात मी शिवकन्येला त्यांच्याकडे नेलं. आष्टीच्या रामरावांची पोरगी, दहावीतली. वेळूच्या काठीवर शिकलेली आणि भाला असा फेकायची की मैदानावरची पोरं मुकाट्यानं बाजूला व्हायची. राज्य स्पर्धेला आमच्या शाळेतून पहिल्यांदाच कुणी निघालं होतं. स्पर्धा आठ दिवसांवर आली आणि ही म्हणू लागली, “सर, हात मागं नेला की खांदा निसटून राह्यला.”

तातेरावांनी कोपऱ्यातला झाडू तिच्या हातात दिला. “फेकून दाखव बाई.” तिनं हात मागं खेचला आणि ओठ दाताखाली धरला. तातेरावांनी झाडू लगेच काढून घेतला.

“समोरून एक फोटो काढतो सर. पण त्यात हाडावर हाड येतं, काई कळत न्हाई. हिला झोपवून, हात बाजूला करून काखेतून काढावा लागंल. खांद्याच्या खोबणीची कड फुटली असंल तर त्यातच दिसंल.”

त्यासाठी सदऱ्याच्या बाहीतून हात बाहेर काढावा लागणार होता. कांताबाई नेमक्या नवीन जालन्याला बहिणीकडे गेल्या होत्या, तासाभरात येणार होत्या.

“पोरीची जात आहे तातेराव,” मी आवाज चढवून म्हणालो. “गावात मी काय तोंड दाखवू? समोरचा काढा, बस्स.”

“तासभर थांबा न सर. कांता आल्याबिगर मी बी काढणार न्हाई.”

“आमची गाडी चुकेल.”

गाडी पाच वाजताही होती. गावाची भीती खरी होती, पण ती निम्मीच. खोबणीत काही सापडलं असतं तर पोरीचं नाव मला स्वतःच्या हातानं कापावं लागलं असतं, आणि शाळेसोबत माझंही नाव राहून गेलं असतं. मला ते बघायचंच नव्हतं. पोरीच्या अब्रूचं नाव पुढं केलं आणि माझी हौस मागं लपवली.

तातेरावांनी समोरचा फोटो काढला. ओली फिल्म वाळवून हातात देताना पुन्हा बजावलं, “डॉक्टरला सांगा, काखेतला राह्यला म्हणून. तोवर फेकू देऊ नका.” मी मान डोलावली. डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली, “हाड बरोबर आहे,” म्हणाला. मी तोंड उघडलं नाही.

राज्य स्पर्धेत तिसऱ्या फेकीला भाला तिरपा गेला आणि पोरगी खाली बसली. हात लोंबत होता. तिथल्या डॉक्टरांनी काखेतून फोटो काढला. खोबणीची कड आधीच तुटलेली होती, या फेकीनं उरलीसुरली गेली. “हा एक्सरे आधी का नाही काढला?” त्यांनी विचारलं.

हे कळल्यावर रामराव तडक मस्तगडला गेले. मी सोबत होतो. “माझ्या लेकराचा हात घालवला तू,” ते तातेरावांवर ओरडले. तातेरावांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी सायकलवाल्याच्या दुकानाकडे पाहू लागलो.

“चुकलं माझं,” तातेराव म्हणाले. “मी काढायला पायजे व्हता.”

पुढं तीन-चार वर्षांनी धीर करून मी त्यांना विचारलं, माझं नाव का घेतलं नाही. ते फिल्म धूत होते. “तुमी नको म्हणले, बराबर आहे. पण मशीन माझी व्हती न सर. मी अर्धा फोटो द्यायलाच नको व्हता.” मग म्हणाले, “तुमचं तुमी सांगा तिला. ते मी कसं सांगू?” मी सांगतो म्हणालो. आष्टीकडची गिऱ्हाइकं मात्र त्यांच्याकडे पुन्हा आली नाहीत.

२००५ साली मी निवृत्त झालो. शाळेनं सत्कार ठेवला. शिवकन्या सासरहून आली होती, कडेवर मूल. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिनं माइकवर सांगितलं, “सरांनी मला भाला दिला. त्या एक्सरेवाल्यानं घात केला, न्हाई तर सरांनी मला कुठल्या कुठं नेलं असतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती हार घेऊन माझ्यासमोर आली. हात वर जाईना, म्हणून मीच मान खाली केली. “बघा, एवढा मोठा माणूस, पण किती नम्र,” मागं कुणीतरी म्हणालं. नंतर माइक माझ्या हातात दिला. मी दहा मिनिटं मैदानाला कुंपण कसं हवं यावर बोललो आणि खाली बसलो.