वरच्या खिशातली चिठ्ठी

जिल्हा फुटला तेव्हा आम्हा मास्तरांना विचारलं गेलं, भंडाऱ्यात राहता की गोंदियाकडे जाता. मी आठवडाभर गंभीर चेहऱ्याने विचार केला आणि भंडारा लिहून दिलं. कारण एवढंच की पवनीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळायची. माझे बहुतेक मोठे निर्णय याच दर्जाचे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढचं वाचून कोणी दचकणार नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी पवनीच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात येऊन पडलो, ये-जा मात्र रोज गाडीनेच. शाळेला दोन खोल्या, चार वर्ग आणि आम्ही दोघे. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मोठे गुरुजी निवृत्तीला आले होते आणि दिवसभर रजिस्टरं लिहायचे. मी निवृत्तीला आलो नव्हतो, पण थकलेला त्यांच्यापेक्षा जास्त होतो. कशाने थकलो होतो हे नक्की सांगता येणार नाही. शिकवून थकलो असतो तर निदान अभिमान वाटला असता.

त्या सुमाराला एका प्रशिक्षणातून मी एक कल्पना घेऊन आलो. प्रत्येक मूल कुठपर्यंत वाचतं ते भिंतीवर दिसलं पाहिजे, आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवरून पुढे न्यायचं. कल्पना चांगलीच होती. तिच्यात खोट म्हणाल तर ती अमलात आणायला मी होतो. गावच्या शिंप्याकडून जुन्या चादरीवर खिशांच्या चार ओळी शिवून घेतल्या. सगळ्यात खाली अक्षर, त्यावर शब्द, मग वाक्य, आणि सगळ्यात वर गोष्ट. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी केली. ज्याला जेवढं वाचता येतं, त्या खिशात त्याची चिठ्ठी.

पहिले पंधरा दिवस मी उत्साहात होतो. मग लक्षात आलं, वरच्या खिशातली मुलं शिकवायला सोपी असतात. त्यांना पुस्तक दिलं की ती वाचतात आणि मास्तराला आपण शिकवल्यासारखं वाटतं. खालच्या खिशात चार जण होते. त्यांना मी रोज पाटी द्यायचो आणि अक्षरं गिरवायला सांगायचो. उद्या त्यांच्याकडे नीट बसू, असं रोज ठरवायचो. हा उद्या फार सोशीक असतो, कितीही वेळा बोलावला तरी रागावत नाही.

त्या चौघांत चौथीतली एक मुलगी होती. एकदा ऐकलेला धडा तिला अख्खा पाठ व्हायचा. भाताच्या रोवणीच्या दिवसांत आईबरोबर बांधावर जायची आणि कोणत्या बांधीत पऱ्ह्याच्या रोपांच्या किती पेंढ्या लागल्या, ते दुसऱ्या दिवशी मला तोंडी सांगायची. हिशेब कधी चुकला नाही. तोंडी प्रश्नाला तिचा हात सगळ्यांत आधी वर. अक्षरं तिला सगळी येत होती, पण ती एकमेकांना जोडायची म्हटलं की ती छताकडे पाहायची. छत गळायचं, म्हणून मीही तिच्याबरोबर वर पाहायचो आणि विषय तिथेच संपायचा.

अशात एका शनिवारी केंद्रशाळेतून निरोप आला. सगळी मुलं वाचती झाली असली पाहिजेत, भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो दुपारपर्यंत मोबाइलवर टाका. रोवणी जोरात होती, निम्मी मुलं बांधीत होती. मी तक्त्यासमोर उभा राहिलो. मोठे गुरुजी रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाले, "फोटोतलं कोण वाचून पाहाले येते?"

मी सगळ्या चिठ्ठ्या उचलून वरच्या ओळीत खोवल्या. खिसे कमी पडले तर एकेकात तीन-तीन. फोटो काढला, टाकला. अभिनंदनाचा अंगठाही आला. सोमवारी लवकर येऊन चिठ्ठ्या परत लावायच्या असं ठरलं होतं, म्हणजे मी माझ्याशीच ठरवलं होतं. सोमवारी गाडी चिखलात रुतली आणि मी पोचलो तोवर मुलं तक्त्याभोवती जमली होती.

ती मुलगी सगळ्यांत पुढे. आपल्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिने विचारलं, "गुरुजी, मी वर गेली?"

माझा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हजेरी व्हायची होती, खिचडीचे तांदूळ काढून द्यायचे होते. मी म्हणालो, "हाव."

एवढंच. नोकरीत मी पानंच्या पानं खोटी माहिती भरली असेन, पण या एका शब्दाइतकी महाग कुठलीच पडली नाही.

दोन-तीन दिवसांनी तिची आई आली. रोवणीला जाता जाता आली होती, हातात तरोट्याची कोवळी भाजी. भाजी माझ्या टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज सायंकाळी ग्रंथाचं वाचन चालतं. आज इथपर्यंत, उद्या त्याच्या पुढे, असं करत अख्खा ग्रंथ पुरा होतो. समाप्तीच्या दिवशी शेवटची पानं शाळेतली मुलं वाचतात. ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून दर पावसाळ्यात मागच्या रांगेत बसून ऐकत आली होती. तिला वाचता येत नव्हतं, नवऱ्याला येत नव्हतं, सासऱ्याला तर नव्हतंच.

"आमच्या घरचं कोणी त्या ग्रंथासमोर बसलं नाही जी अजून," ती म्हणाली. "पोट्टी म्हणते गुरुजीनं वर लावली. मी नाव देऊन आली तिचं."

खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. समाप्तीला अजून खूप दिवस होते, नाव मागे घेता आलं असतं. मी तरोट्याच्या भाजीकडे पाहिलं आणि म्हणालो, "चांगलं केलं. वाचंल ती."

मग मात्र मी घाबरलो आणि घाबरल्यावर कामाला लागलो. रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास तिला घेऊन बसायचं. पहाटेची गाडी पकडायला लागलो, त्यामुळे खिडकीची जागा गेली. काना, मात्रा, वेलांटी. क ला काना का, का ला म जोडून काम. ती 'का' म्हणायची, 'म' म्हणायची आणि पाठोपाठ 'कावळा' म्हणायची, कारण कावळ्याचा धडा तिला पाठ होता. मी चिडायचो. ती हसून पाटी पुसायची. चार दिवस यायची, मग दोन दिवस निंदणाला जायची, परत आली की आम्ही पुन्हा काम आणि कावळा. कधी कधी तर तिला विचारता विचारता मलाच डुलकी लागायची आणि ती बिचारी शांत बसून राहायची, गुरुजी विचार करून राहिले असतील म्हणून.

भादवा सरला तेव्हा ती दोन अक्षरी शब्द वाचायला लागली होती. तीन अक्षरी शब्दात धापा टाकायची. ग्रंथात तर शब्द चांगले हातभर लांब. तेव्हा मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचं एक आहे, त्या सुचतात तेव्हा मी फार खूश असतो.

विहारातलं वाचन एक आजोबा सांभाळायचे. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत उमर काढून गावी परतले होते. त्यांना जाऊन विचारलं, चौथीतल्या मुलांना कुठलं पान येईल, जरा सराव करून घेतो. त्यांनी ग्रंथ उघडला, पानं मोजली आणि हिच्या वाट्याची अर्धी बाजू बोटाने दाखवली. मी तेवढा मजकूर उतरवून आणला आणि तिला वाचून दाखवला. दोन दिवसांत तिला तो तोंडपाठ. ओळ कुठे संपते, मान कुठे हलवायची, बोट कुठे सरकवायचं, तेही मी बसवून घेतलं. नाटक छान बसलं.

"गुरुजी, हे वाचणं होय का?" तिने एकदा विचारलं.

"वाचण्यासारखंच आहे," मी म्हणालो.

समाप्तीच्या दिवशी दुपारी विहार भरलं होतं. मला पुढे बसवलं, गुरुजी म्हणून. मागे बायकांच्या रांगेत तिची आई, नवं लुगडं नेसलेली. मुलं एकेक करून पुढच्या पाटावर बसत होती. हिच्या आधी माझाच एक विद्यार्थी होता, वरच्या खिशातला अगदी खराखुरा. त्याला मी वर्षभर शिकवलं होतं, वाचताना मध्ये थांबायचं नाही. तो थांबला नाही. त्याच्या वाट्याचा भाग संपला, हिचा सुरू झाला, तोही त्याने तडाख्यात वाचून काढला आणि पान उलटवूनच उठला. लोकांनी माना डोलावल्या. शाळेत मी नेमकं शिकवलेलं एवढं एकच, आणि ते असं अंगावर आलं.

ती पाटावर बसली. समोर भलतंच पान. तिने माझ्याकडे पाहिलं. आता सुद्धा खरं बोलायला जागा होती, पण मी मान हलवली, म्हणजे तू म्हण, काय होईल ते होऊ दे. तिने बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली.

दोन ओळी झाल्या आणि आधीचा मुलगा म्हणाला, "हे तं मी आत्ताच वाचलो."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. ती थांबली. पानाकडे पाहत राहिली आणि मग कुणाकडेच न पाहता म्हणाली, "मले एवढंच पाठ आहे. वाचता नाही येत. गुरुजीनं फोटोसाठी वर लावली होती मायी चिठ्ठी."

फोटोचं तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. बहुधा सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी सतरंजीचे दोरे मोजत होतो. मागे वळून पाहायची छाती नव्हती.

खाणीतले आजोबा पुढे सरकले, तिचं बोट पानाच्या खऱ्या जागेवर आणून ठेवलं आणि म्हणाले, "जेवढं येते तेवढं वाच, बाई. आमाले काही घाई नाही."

आणि तिने वाचलं. एक ओळ. एकेक अक्षर सुटं काढून, मग जोडून, मग पुन्हा मागे जाऊन. एका जोडाक्षरापाशी ती इतका वेळ अडली की माझे ओठ आपोआप हलायला लागले. आजोबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप राहा. कोणी खोकलं नाही, कोणी सांगितलं नाही. वर्गात त्याच्या चौथ्या हिश्शाइतका वेळसुद्धा मी कधी कोणासाठी थांबलो नव्हतो. मीच शब्द सांगून मोकळा व्हायचो, पुढचा तास असायचा. ओळ संपली तेव्हा आजोबांनी एसटीचं जुनं तिकीट त्या ओळीवर ठेवलं, "हे तुयं झालं" म्हणाले आणि उरलेलं स्वतः वाचून समाप्ती केली.

बाहेर मी चपला शोधत होतो. दोन्ही समोरच होत्या, तरी शोधत होतो. तिची आई खिरीचा पेला घेऊन आली.

"तुमाले मालूम होतं ना, गुरुजी?"

"हाव."

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी एक साल थांबली असती. एवढी थांबलीच होती ना."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. पेला तिने माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली, म्हणून ती खीर मला सगळी खावी लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचलो तर ती स्टुलावर चढलेली. आपली चिठ्ठी वरून काढून तिने शब्दाच्या खिशात घातली आणि मला विचारलं, "इथं चालते ना?" चालत होतं. मग बाकीची मुलं भोवती आली, आमची कुठं, म्हणून. दोन दिवस मी एकेकाला जवळ बसवून ऐकलं. चिठ्ठ्या भराभर खाली आल्या. वरच्या ओळीत पाच उरल्या. दिवाळीनंतर केंद्रातून पुन्हा फोटो मागितला आणि मी तक्ता आता होता तसाच काढून टाकला. शाळा मागे कशी गेली, याचा खुलासा मागवला गेला. मोठे गुरुजी म्हणाले, खिसे उसवले म्हणून लिही. मी लिहिलं, आधीचा फोटो खोटा होता. तेवढ्यावर मला पुन्हा त्याच प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे पहिल्या बाकावर बसून मी तोच तक्ता पुन्हा शिकलो.

सकाळचा अर्धा तास चालू राहिला. त्याने मी काही ताजातवाना झालो नाही. उन्हाळ्यापर्यंत तर डोळ्यांखाली काळं आलं. ती वाक्यापर्यंत आली, गोष्टीपर्यंत आली नाही.

चौथीचा दाखला न्यायला मायलेकी आल्या तेव्हा मी घाईत होतो, पवनीच्या गाडीची वेळ झाली होती. दाखल्यावर प्रगतीच्या रकान्यात सगळ्यांना लिहितात तेच लिहिलं आणि शिक्का मारला. तिने कागद माझ्याकडून घेतला आणि आईला वाचून दाखवायला लागली. नाव, गाव, जन्म. मग त्या रकान्यापाशी आली. "स, मा, समा, धा, न. समाधान. का, रक. समाधानकारक." मान वर करून म्हणाली, "म्हणजे मी कोणत्या खिशात जी?"

"वाक्याच्या."

"मंग तसं लिहा ना," आई म्हणाली. "पोट्टी पाचवीच्या शाळेत जाईन तं तिथल्या गुरुजीले समजलं पायजे."

मी नवा दाखला काढला. लिहिलं, वाक्य वाचते, गोष्ट अजून वाचता येत नाही. असा दाखला आमच्या केंद्रात तरी कोणी पाहिला नसेल. तिने तोही वाचायला घेतला, पहिल्यापासून, एकेक शब्द जोडत. रस्त्यावर गाडीने भोंगा दिला, थोडी थांबली आणि गेली. ती 'अजून' पर्यंत आली होती.