सालप्याच्या चढावर अडलेली गाडी

देव माझ्यावर रुसलाय असं मला त्या वर्षी दसऱ्यानंतर वाटायला लागलं, आणि दिवाळी सरता सरता तो मुळात आहे तरी का, इथवर माझी मजल गेली. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून थोडे दिवस झाले होते. आम्ही फलटणला राहत होतो. आमचे हे भाड्याची मोटार चालवत. जुनी, काळी, पेट्रोलवरची गाडी. तीच आमचं शेत आणि तीच आमची दुभती म्हैस. तिला एकाएकी खोड लागली. सपाटीला अगदी साळसूद चालायची, पण चढ लागला की हिसके द्यायची. मधेच जोरात पुढं झेपावायची, मग एकदम मरगळायची, पुन्हा झेप, पुन्हा मरगळ. शेवटी बंद पडायची. जरा वेळ उभी केली की आपोआप सुरू. मिस्त्रीनं प्लग साफ केले, कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलचा पंपसुद्धा बदलला. दर वेळी टाकीत पेट्रोल घालून चढावर फिरवून आणली की शहाण्यासारखी वागायची, आणि लांबचं भाडं घेऊन निघालं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मी माझ्या परीनं उपाय करत होतेच. दसऱ्याला आम्ही गाडी पुजतो, तेव्हा सासूबाईंची शिकवण अशी की गाडी जिथून खाते तिथं आधी हात लावावा. म्हणून पेट्रोलच्या झाकणाला तेलात कालवलेलं कुंकू आणि पालीच्या खंडोबाचा भंडारा लावायचा. खोड लागल्यापासून मी दर रविवारी न चुकता तो लावू लागले. चांगला अंगठ्यानं दाबून, थापून. गाडी जास्त अडायला लागली तसा मी भंडाराही जास्त लावायला लागले. "अगं, गाडी हाय ती, नवरी न्हाई," हे चेष्टेनं म्हणायचे. मला मात्र हसू येत नव्हतं.

त्यातच आमची शकू आजारी पडली. सहा वर्षांची एकुलती एक पोर. घसा दुखतो म्हणाली, अंग तापलं. पडसं असेल म्हणून मी काढा दिला. पण पोरीची मान सुजली, आवाज बसला, श्वास घेताना घशात घर्र घर्र वाजायला लागलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. घटसर्प आहे म्हणाले. त्याच्या विषावरचं इंजेक्शन इथं नाही, साताऱ्याच्या दवाखान्यात मिळेल, आत्ताच्या आत्ता निघा. ह्यांनी गाडी काढली. मी शकूला मांडीवर घेऊन मागं बसले. दुसरी गाडी शोधत बसायला वेळच कुठं होता?

लोणंदपर्यंत गाडी नीट आली. सालप्याचा घाट सुरू झाला आणि मी शकूला घट्ट धरलं. पहिल्याच चढाला तिनं हिसका दिला. ह्यांनी गिअर बदलला, पाय दाबला. गाडी उसळली आणि पुन्हा ढेपाळली. प्रत्येक हिसक्याला शकूची मान माझ्या हातात हिंदकळायची आणि तो घर्र घर्र आवाज क्षणभर थांबायचा. एका वळणाच्या अलीकडं गाडी पार बंद पडली, आणि या खेपेला उभी ठेवूनही सुरू होईना. हे उतरले, बॉनेट उघडून इकडं तिकडं हात घालत राहिले, मग तिथंच दगडावर बसले. एक ट्रक आला, आम्ही दोघांनी हात केले, तो थांबला नाही. एसटी मघाशीच गेलेली. शकूचे ओठ काळेनिळे दिसायला लागले होते. मी मोठ्यानं ओरडले, "खंडोबा, एवढा भंडारा लावला रं तुझा, आन् तू हे फळ दिलंस?" खरं सांगते, त्या घडीला मला देवाची चीड आली होती. तो असेल तरी आमचा कुणी नाही, असंच वाटलं.

तेवढ्यात मागून मेंढरांचा कळप आला. दिवाळी उरकून धनगर कोकणाच्या वाटेला लागले होते. त्यातला एक म्हातारा, कपाळाला भंडारा, खांद्यावर घोंगडं आणि काखेत एक मेंढी, गाडीपाशी थांबला.

"बाई, वाईच पेट्रोल मिळंल का? हिच्या जखमंत किडं पडल्यात. चिंधी भिजंल एवढंच द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आवं, हितं माझी पोर मरायला टेकलीया, आन् तुमास्नी मेंढीचं पडलंय व्हय?"

म्हाताऱ्यानं आत वाकून शकूकडं पाहिलं. "चुकलं माय," एवढंच म्हणाला आणि वळला.

दगडावर बसलेले हे उठले. "ओ पाव्हणं, थांबा. गाडी तर चालत न्हाई, पेट्रोल तरी कुनाच्या कामाला येऊ द्या." असं म्हणून त्यांनी झाकण फिरवलं. झाकण सुटताच टाकीनं फुस्स करून जोरात हवा आत ओढली. एवढा आवाज, की मला आत ऐकू आला.

ह्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. पेट्रोल संपत जाईल तशी त्यातून टाकीत हवा जाते. ते भोक कुंकवा-भंडाऱ्यानं घट्ट बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना, आणि चढाला जास्त पेट्रोल लागतं तिथंच इंजिन उपाशी राहायचं. मिस्त्री मात्र पेट्रोल भरायला झाकण उघडूनच तिला फिरवायला न्यायचा, मग खोड दिसणार कशी? ह्यांनी बाभळीचा काटा घालून भोक मोकळं केलं. माझ्या पिवळ्या अंगठ्याकडं एकदा पाहिलं, पण मला बोल लावला नाही. म्हाताऱ्याची चिंधी भिजवून दिली आणि म्हणाले, "नीट धर पोरीला." गाडी एका दमात घाट चढली.

साताऱ्याला ते इंजेक्शन टोचलं. तरी कितीतरी दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. खाटेपाशी बसून मी नवस बोलायचा प्रयत्न करी, आणि शब्दच येत नसत. काय कबूल करायचं देवाला? माझ्या हातानं मी जे जे केलं त्यानं वाट बुजत गेली होती, आणि ह्यांनी सगळी आशा सोडून, मागणाऱ्याला दिलं तेव्हा ती उघडली. माझ्या दारी तो मागायला आला आणि मी त्याच्यावर खेकसले. तेव्हापासून मी देवाला अटी घालत नाही. नुसती बसते. तू बघ, म्हणते.

शकू वाचली. आवाज फुटायला लागल्यावर ह्यांनी तिला घाटातली सगळी हकिकत सांगितली. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग घोगऱ्या आवाजात तिनं मलाच विचारलं, "आई, ती मेंढी बरी झाली का गं?"

गाडी सुरू झाल्यावर मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"झाली," मी म्हणाले, आणि पदराआड हात जोडले. देवा, माझा एवढा शब्द खरा कर.